अजून एक सेट घेऊन टाक

प्रति,
माननीय गाइड सर,
केमिकल इंजिनीअरिंग विभाग, पहिला मजला, जिन्याशेजारचं केबिन.



पत्रास कारण की, येत्या जूनमध्ये आपण सेवानिवृत्त होत आहात आणि त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे आठशे शब्दांत 'सरांची एक हृद्य आठवण' मागितली आहे. लेख पंधरा तारखेच्या आत हवा, असंही बजावलं आहे. मुदत, शब्दमर्यादा आणि वर एकच आठवण! समितीवर तुमचा एकही विद्यार्थी नाही, हे तिथेच कळलं. तुमच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला 'एक' या आकड्यावर थांबताच येत नाही. तेव्हा गौरवग्रंथाची क्षमा मागून हे खुलं पत्रच लिहिते आहे.

सिनॉप्सिसमध्ये आधी पार्श्वभूमी लागते, ती थोडक्यात देते.

मी महाडची. वारा एमआयडीसीकडून वाहायला लागला की आज कोणत्या कंपनीत काय शिजतंय हे वासावरून सांगणारी माणसं आमच्या गावात आहेत. 'केमिकलला मरण नाही' असं म्हणून वडिलांनी त्या शाखेला घातलं आणि 2015 साली मी बी.ई. झाले. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांनी मुलांना थर्मोडायनॅमिक्स विचारलं, मला विचारलं, 'शिफ्टचं काय करणार?' 1948 च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सातनंतर बाईला कारखान्यात कामाला ठेवायला मनाई होती. केमिकल प्लँट तीन पाळ्यांत चालतो आणि नवख्या इंजिनीअरची सुरुवात पाळीतच होते. महाराष्ट्राने त्याच 2015 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीची वाट मोकळी केली होती, पण ती बातमी एचआरच्या टेबलापर्यंत पोचायला बराच उशीर लागला. मग आमच्यासारख्या मुली काय करतात? गेट देतात.

गेटबद्दल माझी तक्रार नाही. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण, पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माउसने टिचक्या मारत चालवायचा, बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक तृतीयांश गुण कापले जाणार. परीक्षा दुष्ट आहे, पण ठरल्या वेळी सुरू होते, ठरल्या वेळी संपते आणि निकाल जाहीर केलेल्या तारखेला लागतो. पुढच्या आयुष्यात असं काही पुन्हा वाट्याला येणार नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. महिना 12,400 रुपयांच्या स्टायपेंडवर एम.टेक. झालं आणि पीएच.डी.च्या मुलाखतीला तुमच्यासमोर येऊन बसले.

तुम्ही एकच प्रश्न विचारलात. प्लग फ्लो रिॲक्टरच्या पुढे ढवळटाकी जोडली किंवा उलट, ढवळटाकीच्या पुढे प्लग फ्लो जोडला, तर रेसिडेन्स टाइम डिस्ट्रिब्युशन बदलेल का? म्हणजे आत शिरलेला प्रत्येक थेंब किती वेळ आत राहून बाहेर पडतो, त्या हिशेबात फरक पडेल का? मी म्हटलं, नाही, तो तसाच राहील. मात्र रिॲक्शन पहिल्या ऑर्डरची नसेल तर कन्व्हर्जन बदलेल. तुम्ही शेजारच्या मॅडमकडे वळून म्हणालात, 'ही मला चालेल.' पंप चालेल की नाही हे ज्या सुरात म्हणतात, अगदी त्याच सुरात. मी बाहेर येऊन घरी फोन केला की सरांना उत्तर आवडलं.

गाइड निवडण्याची प्रक्रियाही किती लोकशाहीची! विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या नावापुढे संशोधनाची क्षेत्रं लिहिलेली होती: ऊर्जा, पर्यावरण, नॅनो, बायो, सीएफडी, प्रोसेस इंटेन्सिफिकेशन. मोकळी जागा उरली असती तर मत्स्यपालनही आलं असतं. सीनियर्सना विचारलं की सर कसे आहेत, तर प्रत्येकाने एकच उत्तर दिलं, 'सर नॉलेजेबल आहेत.' त्यापुढचं वाक्य कोणी बोललं नाही. विद्यापीठात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनो, गाइडबद्दल 'नॉलेजेबल' हे एकच विशेषण कानावर पडलं तर चहा संपवून उठा आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन विचारा.

तरी एक कबूल करायलाच हवं. तुम्ही खरोखर नॉलेजेबल आहात. पहिल्या वर्षी तुम्ही शिकवलेला मास ट्रान्सफर मी अजूनही विसरलेले नाही. तुमच्या टेबलावर डँकवर्ट्सचं 'गॅस-लिक्विड रिॲक्शन्स' असायचं, कडा झिजलेलं, आणि प्रत्येक नव्या स्कॉलरला तुम्ही त्या माणसाची गोष्ट सांगायचात. 1940 साली लंडनवर पडलेल्या जर्मन सुरुंगांचे फ्यूज काढून जॉर्ज क्रॉस मिळवणारा, नंतर केंब्रिजला प्राध्यापक झालेला पीटर डँकवर्ट्स. त्याचे विद्यार्थी मन मोहन शर्मा 1964 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन माटुंग्याच्या यूडीसीटीत आले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर झाले. शर्मा सरांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर. 'ही आपली परंपरा,' असं म्हणून तुम्ही भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवायचात. मी एकदा तुमच्यामागे उभी राहून हिशेब केला: माशेलकरांची पदवी 1966 ची, पीएच.डी. 1969 ची. परंपरेतला हा भाग आपल्या लॅबच्या दारातच अडखळला. मला वाटतं सुरुंगवाल्या माणसाला एक गोष्ट नीट ठाऊक होती, की काम एका वेळेच्या आत संपवायचं असतं.

आता आपल्या सेटअपविषयी. वाचकांसाठी सांगते. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या द्रावणात शोषून घ्यायचा, ही युक्ती 1930 च्या पेटंटपासून चालत आली आहे. सगळ्यांचं लाडकं अमाइन म्हणजे मोनोइथेनॉलअमाइन, आम्ही त्याला एमईए म्हणतो. त्यात पिपरेझीन मिसळलं तर गॅस किती वेगाने शोषला जातो, एवढा माझा विषय. त्यासाठी काचेचा स्टर्ड सेल: खाली द्रावण, वर गॅस, मधला पृष्ठभाग आरशासारखा सपाट राहील इतक्या हळू ढवळायचं. गॅस शोषला जाईल तसा वरचा दाब उतरतो, ट्रान्सड्यूसर तो टिपत राहतो, आणि त्या उताराच्या तीव्रतेवरून रिॲक्शनचा वेग काढायचा. ऐकायला सोपं आहे. पण आधी सेल व्हॅक्यूमवर घेऊन दाब रात्रभर तसाच राहतो का हे बघायचं, कारण एक ओ-रिंग जरी दबलेली असली तरी सगळी रीडिंग खोटी. मग फ्लँजच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गॅसचे बुडबुडे शोधायचे, टेफ्लॉन टेप काढून पुन्हा गुंडाळायची, वॉटर बाथचं तापमान बसेपर्यंत थांबायचं आणि रन संपला की मिथाइल ऑरेंज घालून टायट्रेशन. एमईएचा अमोनियासारखा उग्र वास ओढणीत बसतो, दोनदा धुतली तरी जात नाही. एसटीत शेजारची बाई जागा बदलून बसते.

हे सगळं रात्री दोन वाजता चालायचं, कारण दिवसा बी.टेक.ची प्रॅक्टिकल्स असत आणि ट्रान्सड्यूसरचा कॉम्प्युटर त्यांना लागे. गंमत बघा सर. कारखान्यात संध्याकाळी सातनंतर मला ठेवायला कायद्याची अडचण होती. तुमच्या लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशेजारी पहाटेपर्यंत एकटीला ठेवायला कसलीच अडचण आली नाही. कारण मी कामगार नव्हते. पगार नव्हे, फेलोशिप होती. म्हणून पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, ओव्हरटाइम हा शब्द नाही. मी विद्यार्थिनीही नव्हते, कारण नॅकची समिती येणार म्हटल्यावर कोर्स आउटकम आणि प्रोग्राम आउटकमच्या मॅपिंगचे एक्सेलचे तक्ते भरायला, पाच वर्षांच्या हजेरीपत्रकांना नवी कव्हरं घालायला आणि दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासायला विद्यार्थ्याला कोण बसवतं? कारखान्याच्या कायद्याला जी व्यक्ती दिसत नाही आणि विद्यार्थी कल्याण मंडळालाही दिसत नाही, अशी अदृश्य व्यक्ती शोधून काढल्याबद्दल तुम्हाला खरं तर पेटंट मिळायला हवं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र.

माझी रीडिंग झाली होती. 303, 313 आणि 323 केल्व्हिन, प्रत्येक तापमानाला पाच कॉन्सन्ट्रेशन्स, प्रत्येकाचे तीन-तीन रन. अऱ्हेनिअस प्लॉट सरळ रेषेत बसला होता, इतका सरळ की पट्टी लाजली असती. एक पेपर छापून आला होता, दोन कॉन्फरन्सेस झाल्या होत्या; यूजीसीच्या 2016 च्या नियमांना त्या काळी तेवढंच हवं होतं. मी प्रिंट घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ग्राफ हातभर लांब धरलात आणि म्हणालात, 'छान आहे. मधले दोन पॉइंट्स घेऊन टाक. 308 आणि 318.'

सर, तीन बिंदूंतून गेलेल्या सरळ रेषेवर मधले दोन बिंदू कुठे पडणार? रेषेवरच पडणार. पडलेही. त्यात पावसाळा गेला. मग तुम्ही म्हणालात, 'रेंज थोडी वाढवू. 333 ला घेऊन टाक.' त्या तापमानाला द्रावणाचा स्वतःचा बाष्पदाब वाढतो, त्याचं वेगळं करेक्शन. त्यात दिवाळी गेली. मग म्हणालात, 'ढवळण्याचा वेग बदलून खात्री करून घे.' वेगवान रिॲक्शनच्या या रेजीममध्ये ढवळण्याचा वेग वाढवला तरी शोषण्याचा वेग बदलत नाही, हे पुस्तकातच आहे, तुमच्याच टेबलावरच्या. तरी घेतलं, आणि बदलला नाही. त्या आठवड्यात माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्या थीसिसचाही रेजीम तोच आहे: मी कितीही जोरात ढवळलं तरी वेग तुमच्याकडे.

'घेऊन टाक' या दोन शब्दांची मला दहशत बसली होती. जणू भाजी आणायला निघालेल्या माणसाला हाक मारून सांगावं, 'जाताजाता कोथिंबीरही घेऊन टाक.' तुमची कोथिंबीर तीन महिन्यांची असायची.

मी पुष्कळ दिवस असं समजत होते की हा तुमचा शास्त्रीय काटेकोरपणा आहे. लॅबमधले सगळेच तसं समजतात, कारण तसं समजलं नाही तर सकाळी उठवत नाही. मग एकदा मी तुमच्याच मुलाखतीतल्या प्रश्नाकडे परत गेले आणि आपल्या विभागाचं रेसिडेन्स टाइम डिस्ट्रिब्युशन काढलं. डँकवर्ट्सने 1953 मध्ये या कल्पनेला व्यवस्थित रूप दिलं ते पाइप आणि टाक्यांसाठी, पण माणसांनाही ती चपखल बसते. वर्षाच्या सुरुवातीला रंगाचा एक ठिपका टाकायचा, म्हणजे स्कॉलरांची एक बॅच. आणि बाहेरच्या टोकाला उभं राहून बघायचं कोण केव्हा बाहेर पडतं.

आदर्श ढवळटाकीत काही थेंब शिरल्या शिरल्या बाहेर पडतात. आपल्याकडेही एक होता. नाव घेत नाही. त्याचे वडील दुसऱ्या विद्यापीठात विभागप्रमुख होते आणि तुमची कॉन्फरन्स त्यांच्या सभागृहात झाली होती. पुस्तकात याला बायपासिंग म्हणतात. उरलेल्यांत घसरणारी शेपूट. आदर्श टाकीतसुद्धा सरासरीच्या तिप्पट वेळ लोटल्यावर पाच टक्के ऐवज आत असतोच, तेव्हा एखादा स्कॉलर रेंगाळला तर मी गणिताला दोष देणार नाही. पण आपल्या टाकीत कोपरा होता. त्या कोपऱ्यात शिरलेलं बाहेर पडतच नव्हतं, नुसतं गोल फिरत होतं. त्याला डेड झोन म्हणतात. तो कोपरा म्हणजे तुमचं केबिन.

आणि याहून मजेची गोष्ट ऐका. डेड झोन असलेल्या भांड्याचा बाहेरच्या टोकाला मोजलेला सरासरी वेळ नेहमी खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण जे अडकलं ते मोजलंच जात नाही. विभागाच्या माहितीपत्रकात 'पीएच.डी.चा सरासरी कालावधी' म्हणून जो सुबक आकडा छापता, तो मला का कधीच खरा वाटला नाही, ते त्या दिवशी समजलं. तुम्ही पदवी मिळालेल्यांची सरासरी काढता. मध्येच सोडून शाळेत नोकरीला लागलेली, लग्न होऊन गेलेली, फार्मा कंपनीत क्वालिटीला जाऊन 'थीसिस नंतर सबमिट करू' म्हणणारी, ती सगळी अजून तुमच्या कोपऱ्यात फिरताहेत. त्यांचा आकडा छापील नाही.

मग हा कोपरा तयार का होतो? तुम्ही दुष्ट आहात म्हणून? छे. दुष्टपणाला कष्ट पडतात. कारण साधं पैशाचं आहे आणि मी त्याचा हिशेब केला. नवा स्कॉलर येतो तेव्हा त्याला ओ-रिंग आणि फेरूल यांतला फरक कळत नाही. तो सिलिंडरचा रेग्युलेटर उलटा फिरवतो, एक ट्रान्सड्यूसर घालवतो, आणि विश्वास ठेवण्याजोगं रीडिंग द्यायला त्याला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर मी तयार झालेली असते. डोळे मिटून सेल जोडते, गळती आवाजावरून सांगते, नव्या मुलांना शिकवते, तुमच्या प्रोजेक्टचे रिपोर्ट लिहिते, पर्चेसच्या फाइलीवर कुठली तारीख टाकायची तेही मलाच ठाऊक. म्हणजे ज्या दिवशी मी पदवी घ्यायला लायक झाले, नेमक्या त्याच दिवशी मी सोडायला सगळ्यात महाग झाले. प्रोफेसरला एका वेळी आठच स्कॉलर घेता येतात, हा नियम. मग आठातली एक जागा शिकाऊ माणसाने भरावी की तयार कारागिराने? तुमच्या जागी कोणीही व्यवहारी माणूस असता तर त्यानेही 308 केल्व्हिनच मागितलं असतं.

शिवाय कारागीर फुकट. फेलोशिप दोन वर्षं जेआरएफ, तीन वर्षं एसआरएफ. पाच वर्षांनी बंद. काम बंद नाही. 2020 साली कित्येक महिने लॅबला कुलूप होतं, तेही त्या पाचांतच धरलेलं. 1 जानेवारी 2023 पासून केंद्राने जेआरएफ 31,000 वरून 37,000 केली आणि एसआरएफ 35,000 वरून 42,000. लॅबमध्ये पेढे आले. मीही खाल्ले. माझी फेलोशिप तोवर संपली होती. वाढ झालेल्या रकमेतले माझ्या वाट्याला आले ते तेवढे पेढे.

आणि तो प्रसंग. तो मी गौरवग्रंथात मुद्दाम लिहिला असता, हृद्य आहे. सहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा मी घाबरून तुमच्याकडे आले. यूजीसीच्या त्याच नियमांत स्त्रियांना दोन वर्षांची सवलत आहे. ती का ठेवली असावी हे सांगायला नको; बाळंतपण, आजारपण, घरातली म्हातारी माणसं, या सगळ्यांत ज्या बाईचं संशोधन मागे पडतं तिला पुन्हा उभं राहता यावं म्हणून. तुम्ही हसून म्हणालात, 'तुला कसली चिंता? तुम्हा मुलींना दोन वर्षं जास्त असतात!' सर, माझं लग्न झालं नव्हतं, मूल नव्हतं. माझ्या पदरात होता तो तुमचा स्टर्ड सेल. बायकांसाठी ठेवलेली सवलत तुम्ही 333 केल्व्हिनला खर्च केलीत. त्या मुदतवाढीचा अर्जसुद्धा मी तुमच्याच लेटरहेडवर टाइप केला.

शिफारसपत्राचं राहिलंच. दक्षिण कोरियातल्या एका पोस्टडॉकला अर्ज केला होता. तुम्ही नेहमीच्या उदारपणे म्हणालात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' आपल्याकडे हा रिवाजच आहे. प्रत्येक पदवीधराला एकदा तरी गुरूच्या तोंडून स्वतःची स्तुती करण्याचा योग येतो. मी रात्र घालवून लिहिलं की ही स्वतंत्रपणे प्रयोग आखते, अडचणी स्वतः सोडवते. तुम्ही लाल पेनने 'स्वतंत्रपणे' खोडलंत आणि वर लिहिलंत, 'प्रामाणिक व आज्ञाधारक'. मग ते पत्र संगणकावर चढवण्याची लिंक तुमच्या मेलवर आली. लिंकची मुदत शुक्रवारी रात्री बाराची होती. तुम्ही एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रमुख पाहुणे होता आणि 'तरुण संशोधकांपुढील संधी' या विषयावर बोलत होता. शनिवारी सकाळी तुम्ही फोन करून विचारलंत, 'ओटीपी आलाय, काय करू?'

नियम वाचण्याची मला तेव्हा सवय लागली होती, म्हणून सांगते. विद्यार्थ्यासाठी सहा वर्षांची कमाल मुदत आहे. थीसिस सादर झाल्यावर परीक्षकांचे अहवाल आणि व्हायवा धरून सहा महिन्यांत सगळं आटोपावं, असंही लिहिलेलं आहे. मुदतवाढीचा अर्ज विद्यार्थ्याने करायचा, दंड विद्यार्थ्याने भरायचा. पण माझा थीसिसचा कच्चा मसुदा तुमच्या टेबलावर, डँकवर्ट्सच्या पुस्तकाखाली, चहाच्या कपाचा गोल ठसा उमटेपर्यंत किती दिवस पडून राहू शकतो, याला त्या संपूर्ण नियमावलीत एक ओळ नाही. सगळी घड्याळं विद्यार्थ्याच्या मनगटावर. गाइडच्या मनगटावर नुसता पट्टा.

बाकी मग सगळं सुरळीत झालं, म्हणजे तुमच्या हातून सुटल्यावर. दोन बाहेरच्या परीक्षकांपैकी एकाने विचारलं, 'इतकी मधली तापमानं घेण्याचं विशेष कारण?' तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, 'रिप्रोड्यूसिबिलिटी, सर.' व्हायवा संपल्यावर तुम्ही पाठ थोपटून म्हणालात, 'आता हा डेटा वापरून दोन पेपर काढू, कच्चा लिहून पाठव.' मी नोकरीला लागले तरी पाठवला. त्यात तुमचं नाव आधी, माझं नंतर, आणि मध्ये त्या सभागृहवाल्या वडिलांच्या मुलाचं.

असो. तुम्ही निवृत्त झालात की एमेरिटस म्हणून राहणार आहात असं ऐकते. म्हणजे केबिन तेच आणि कोपराही तोच. म्हणून एक कामाची गोष्ट सांगून पत्र पुरं करते.

माझ्यानंतर आलेली नांदेडची मुलगी मला मधूनमधून फोन करते. तिची रीडिंग झाली आहेत, पेपर झाला आहे, सिनॉप्सिस तयार आहे. मागच्या आठवड्यात तुम्ही तिला 'पिपरेझीनऐवजी दुसरं एक अमाइन घालून बघ' म्हणालात. मी तिला तीन गोष्टी करायला सांगितल्या. सिनॉप्सिस तुम्हाला हातात न देता मेलने पाठव आणि त्याच मेलची प्रत संशोधन सल्लागार समितीच्या प्रत्येक सदस्याला. नव्या अमाइनचं काम लेखी माग, त्यात ते मूळ आराखड्यातलं आहे की नवीन, हे स्पष्ट लिहायला लाव. आणि समितीच्या सहामाही बैठकीच्या इतिवृत्तात 'प्रायोगिक काम पूर्ण' ही ओळ आल्याशिवाय बैठकीतून उठू नको. ती ओळ मागच्या बैठकीत आली आहे, सर. इतिवृत्तावर तुमची सही आहे. त्या दिवशी चहाबरोबर सामोसे होते, तुम्ही न वाचता केलीत.

सिनॉप्सिसचा मेल सोमवारी सकाळी आला असेल. जोडपत्राच्या शेवटच्या पानावर, उजवीकडे खाली, 'मार्गदर्शक' असं छापलेलं आहे. तिथे सही करायची.

आपली आज्ञाधारक,
(डॉ.) तुमची माजी स्कॉलर

ता. क. सेलच्या डाव्या फ्लँजची ओ-रिंग पुन्हा दबली आहे असं ती म्हणाली. नवीन ओ-रिंगा खालच्या ड्रॉवरमध्ये, मिथाइल ऑरेंजच्या बाटलीमागे आहेत. बदलायला वीस मिनिटं लागतात. या वेळी तुम्ही बदलून टाका.